चाळीस नंबरचं तेल

इंजिनात कुठल्या नंबरचं तेल घालावं, हा प्रश्न ज्याला आयुष्यात कधी पडला नाही त्याची मला कीव येते. १९७९ सालच्या एप्रिलात त्या एका प्रश्नाने मला आणि नाशिक रोडच्या आमच्या अख्ख्या कॉलनीला जो आनंद दिला, तसा चौदा एप्रिलची मिरवणूक सोडली तर दुसऱ्या कशानेच दिलेला नाही. आता त्या आनंदात आमची एक परात, एक कढई आणि भागुबाई सिस्टरांचा फ्रीज कामी आला, हे खरं आहे. पण मोठ्या कामात थोडं नुकसान धरूनच चालावं लागतं.

गाडी म्हणजे माझी फियाट. कॉलनीतली पहिली चारचाकी. तिचा डावा पुढचा दरवाजा फक्त आतून उघडायचा आणि हॉर्न वाजवला की वायपर एकदा फिरायचा, पण मला ती इतकी आवडायची की कचेरीतून आल्यावर मी चहा गाडीत बसून प्यायचो. बायको, म्हणजे आमच्या पुतळाबाई, कप घेऊन दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "अहो, आता अंथरूणही तिथेच घालू का?" मला त्यात गैर काही दिसायचं नाही.

याच गाडीने माझ्या गळ्यात एक जबाबदारी टाकली. सटाण्याची माझी थोरली बहीण शकुबाई, तिला मी आक्का म्हणतो. दाजी गेल्यापासून तिने एकटीने कांदा पिकवला आणि मुलगी लता शिकवली. लताचं लग्न मीच जुळवलं, तेही आमच्याच कॉलनीतल्या देवरामशी. देवराम हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. त्याचे वडील कोंडाजी तात्या एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले आणि आमच्या विहार कमिटीचे अध्यक्ष. सोयरीक ठरवायला आक्का नाशिक रोडला आली तेव्हा तिने आधी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, टपावर हात फिरवला आणि मग मुलाकडे बघितलं.

"जयराम," ती म्हणाली, "नवरदेव ह्या गाडीमाच येवाले पाहिजे. सगळं गाव देखी."

"येईल ना आक्का. मी स्वतः चालवत आणीन."

"आनि हिले खावाले काय लागस?"

आमच्याकडची जुनी रीत अशी, की वऱ्हाडाच्या बैलांची वैरण आणि गाड्यांच्या चाकांचं वंगण मुलीकडच्यांनी बघायचं. त्यामुळे तिच्या विचारण्यात मला विशेष काही वाटलं नाही. मी म्हणालो, "पेट्रोल लागतं आणि तेल लागतं." तिने गंभीरपणे मान डोलावली. जाताना पदराने डोळे पुसत पुतळाला म्हणाली की, भाऊबंदांत आजवर कुणाचा नवरदेव मोटारीतून आला नाही, हा पहिला. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की काय वाटेल ते झालं तरी या बाईची मान गावात खाली जाऊ द्यायची नाही.

एवढ्या लांबचा प्रवास म्हणून तेल बदलून घ्यावं, या साध्या विचाराने मी पेट्रोल पंपावर गेलो. पंपावरच्या माणसाने विचारलं, "कुठलं टाकू? तीस, चाळीस की पन्नास?"

"चांगलं टाका," मी म्हणालो.

"सगळंच चांगलं आहे साहेब. नंबर सांगा."

तेलाला नंबर असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मागे एक स्कूटरवाला उभा होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमचे साहेब सुद्धा माझ्याकडे कधी बघत नाहीत, आणि ते तर माझा मसुदा वाचून बघतात. मी ताठ मानेने "विचार करून सांगतो" म्हटलं आणि तेल न बदलता घरी आलो.

घरी येऊन मी एकच चूक केली. कोंडाजी तात्यांना विचारलं.

"पन्नास!" तात्या ओट्यावरून म्हणाले. "डोळे मिटून पन्नास. गाडी जुनी हाय, पिस्टन झिजल्यात. पातळ तेल घातलं की सगळं जळून धूर. तेल कसं, काकवीवानी पायजे. मी कसाऱ्याच्या घाटात उभी जिंदगी काढली, मला इचारा."

तात्यांचा आवाज एसटीच्या इंजिनावरून मागच्या बाकापर्यंत पोचायला सरावलेला. तो ऐकून पलीकडचा धोंडीराम बाहेर आला. धोंडीराम सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, पण मशीनचं नाव निघालं की त्याची झोप उडते.

"तात्या, तुमची एसटी डिझेलची. ही फियाट हाय," तो म्हणाला. "फियाटमधी क्लिअरन्स, म्हंजी आतल्या भागांमधली फट, एकदम बारीक. घट्ट तेल वर चढंपर्यंत वरचं सगळं कोरडंच घासतंय. भाऊ, तीस टाका. गुपचूप तीस टाका."

"तीस? तीस तर शिलाई मशीनला घालत्यात!" तात्या कडाडले.

तेवढ्यात नवरदेव देवराम शाळेतून आला. त्याने सायकल भिंतीला लावली, चष्मा पुसला आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "दोन्ही चूक. आता मल्टिग्रेड निघालंय. वीस डब्ल्यू चाळीस. डब्ल्यू म्हणजे विंटर. थंडीत ते पातळ, गरम झाल्यावर घट्ट."

"गरम झाल्यावर घट्ट?" तात्यांनी पोराकडे बघितलं. "तुझी आई पुऱ्या तळती, तवा तेल घट्ट झाल्यालं बघितलंस का कधी?"

"घट्ट होत नाही तात्या. कमी पातळ होतं."

"मग तसं सरळ बोल की! आणि लगीन एप्रिलात हाय. तिथं तुझं विंटर कशाला?"

भागुबाई सिस्टर ड्यूटीवरून परत येत होत्या. सरकारी दवाखान्यात नर्स असल्यामुळे त्या कुठल्याही प्रश्नावर एक उपचार सांगूनच पुढे जातात. त्या म्हणाल्या, "एरंडेल द्या. पोट साफ राहतं." आणि पुढे गेल्या. यावर मात्र तात्या आणि धोंडीराम दोघेही एकदम हसले, आणि तेवढ्यापुरती कॉलनीत एकी झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवरामने प्रयोग मांडला. त्याने तिन्ही तेलांच्या बाटल्या आणल्या. पुतळाची पितळी परात भिंतीला टेकवून तिरपी उभी केली आणि माझ्या फियाटची तेल मोजायची कांडी मागून घेतली. इंजिनात तेल किती आहे ते बघायला ही लांब, लवचिक पट्टी असते, खाली दोन खुणा असतात. देवरामला ती थेंब सोडायला सोयीची वाटली. मी ती काढून दिली आणि तिच्या जागी भोकात चिंधी कोंबून ठेवली. "उद्या आठवणीने लावा," असं मी स्वतःलाच बजावलं. स्वतःला बजावलेलं मी फारसं मनावर घेत नाही.

परातीच्या वरच्या काठाला तीन थेंब लागले आणि शर्यत सुरू झाली. आयुष्यात मी कुस्त्या बघितल्या, बैलगाड्यांच्या शर्यती बघितल्या, पण तेलाच्या तीन थेंबांसाठी माणसं एवढी ओरडतात हे मला माहीत नव्हतं. "पळ तीस, पळ!" असं धोंडीराम ओरडत होता. तात्या म्हणत होते, "पळून काय उपेग? बघा पन्नास कसा दम धरून हाय!" पहिल्या फेरीत तीस आधी तळाला पोचलं. मग तात्यांच्या ध्यानात आलं की जिंकणं म्हणजे नक्की काय हे आधी ठरलंच नव्हतं. पळणारं जिंकलं की टिकणारं? त्यावर वाद झाला तो जेवणं निवेपर्यंत चालला.

मग देवराम म्हणाला, थंडीची परीक्षाही झाली पाहिजे. कॉलनीत फ्रीज एकच, तो भागुबाईंचा. त्यांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. तिन्ही बाटल्या दह्याच्या भांड्याशेजारी ठेवल्या. सकाळी सिस्टरांनी घाईत दार उघडलं आणि पन्नास नंबर आडवा झाला. तो इतका घट्ट झाला होता की सांडायला त्याने निवांत अर्धा तास घेतला, पण सांडला तो सगळा. पुढचे काही दिवस आमच्या कॉलनीत सरबताला एक वेगळीच चव यायची. तात्या तेवढ्यातही म्हणाले, "बघा, कसा दम धरून सांडला."

उष्णतेची परीक्षा आमच्या घरी झाली. पुतळा विहारात गेली होती म्हणून झाली. तिच्या कढईत मी आणि देवरामने तिन्ही तेलं पाळीपाळीने स्टोव्हवर तापवली. ती परत आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "कसला वास येतोय?" मी म्हणालो, "विज्ञानाचा." त्यानंतर दोन दिवस मला वरण-भाताशिवाय काही मिळालं नाही, कारण फोडणी द्यायला कढई नव्हती.

अशा परिस्थितीत सरकारी नोकर जे करतो ते मी केलं. आमच्या कचेरीच्या गॅरेजमध्ये जीप होत्या आणि त्यांची देखभाल करणारा एक कक्ष होता. मी तोंडी विचारायला गेलो तर तिथले गृहस्थ म्हणाले, लेखी द्या. मी लेखी दिलं. विषय : चारचाकी वाहनाच्या इंजिन तेलाच्या दाटतेबाबत. टिपणी गेली, आणि शेरा घेऊन परत आली : "सदर वाहन शासकीय आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा." मी खुलासा केला की खासगी आहे. परत शेरा आला : "खासगी असल्यास ही नस्ती या कक्षाकडे कशी आली, याचा खुलासा व्हावा." हा खुलासा मलाच करायचा होता आणि तपासून वर पाठवायचाही मलाच होता. मी माझ्याच मसुद्यात दोन दुरुस्त्या सुचवून नस्ती दाबून ठेवली.

इकडे लग्न जवळ आलं. तात्या भेटले की "पन्नास" म्हणायचे, धोंडीराम सातपूरच्या बसमधून उतरताना तीन बोटं दाखवायचा, आणि देवराम, ज्याने लाजायला हवं होतं, तो हळदीची तयारी चालू असतानाही मला मल्टिग्रेडची जाहिरात आणून देत होता. मला झोप लागेना. आणि अशा वेळी रविवारच्या वंदनेला मी विहारात बसलो असताना बाहेरून आलेल्या वक्त्यांनी मध्यम मार्गावर प्रवचन दिलं. दोन्ही टोकं सोडावीत. वीणेची तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये. मी मांडी घालून बसलो होतो तो एकदम ताठ झालो. तीसही नाही, पन्नासही नाही. चाळीस! इतके दिवस उत्तर माझ्या समोर बसलेलं होतं.

तथागतांनी हा उपदेश इंजिनाला उद्देशून केला नव्हता हे मला कळतं. पण वंदना संपल्याबरोबर मी उठून सगळ्यांसमोर निर्णय जाहीर केला आणि त्यामागचं तत्त्वही सांगितलं. तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. कमिटीचे अध्यक्षच मध्यम मार्गाला विरोध कसा करणार? "तत्त्व बराबर हाय," ते अडखळत म्हणाले, "पण..." त्या "पण"च्या पुढे त्यांना जाता येईना. देवराम हळूच म्हणाला, "माझ्यातही चाळीस आहेच की, मामा." मी म्हणालो, "मग तुझंही समाधान झालं." सकाळी पंपावर जाऊन मी मोठ्या आवाजात "चाळीस" म्हटलं आणि आजूबाजूला स्कूटरवाला कुणी आहे का ते बघितलं. दुर्दैवाने नव्हता.

लग्नाच्या दोन दिवस आधी गाडीचा आवाज जरा जड आला. मला वाटलं, चाळीस मुरतंय.

लग्नाचा दिवस उजाडला. आमच्याकडे लग्नात सगळे पांढरे कपडे घालतात. पहाटेच्या उजेडात कॉलनी नुसती चमकत होती. नवरदेव पांढऱ्या सदऱ्या-पायजम्यात, तात्यांचा फेटा पांढरा, मी नवा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट-पॅण्ट घातलेला. मला इतका आनंद झाला होता की मी उगाच तीन वेळा हॉर्न वाजवला आणि वायपर तीन वेळा फिरला. पुढे माझ्याशेजारी तात्या. मागे नवरदेव, पुतळा आणि धोंडीराम. पाठीमागे टेम्पोत वऱ्हाड, आणि टेम्पोत अगदी पुढे भागुबाई सिस्टर, पांढरीशुभ्र साडी नेसून गाणी सांगायला.

वेळेचं एकच बंधन होतं. लग्न लावणारे बौद्धाचार्य दुपारी मालेगावकडे दुसरं लग्न लावायला जाणार होते. आक्काने चार वेळा निरोप पाठवला होता : उन्हं तापायच्या आत या.

ओझरपर्यंत टेम्पोतली गाणी आम्हाला ऐकू येत होती. ओझरनंतर येईनाशी झाली. मी आरशात बघितलं तर टेम्पोच दिसत नव्हता. नुसता निळा धूर दिसत होता.

"तात्या, धूर कसला?"

"चाळीस," तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले.

पिंपळगावला चहाला थांबलो तेव्हा टेम्पो मागून आला. भागुबाई उतरल्या. त्यांची साडी पुढून राखाडी झाली होती आणि मागून पांढरी होती. त्या माझ्याकडे आल्या, माझ्या गाडीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं, एरंडेल द्या." मग वऱ्हाडाने एकमताने ठरवलं की टेम्पो पुढे जाईल आणि नवरदेव मागून येईल. मला हे अपमानकारक वाटलं, पण सगळ्यांचे कपडे बघता वाद घालणं बरं दिसलं नसतं.

भावडबारीच्या घाटातल्या चढाला गाडी लागली. अर्ध्या चढावर ती खोकली, दोन आचके दिले, भोकातली चिंधी बाटलीच्या बुचासारखी उडून बोनेटला आतून आपटली, आणि गाडी थांबली. पुढच्या फटीतून काळं तेल रस्त्यावर ठिबकायला लागलं. खाली दरीत ऊन पडलं होतं. टेम्पो केव्हाच पुढे गेला होता, आणि या वेळेला आक्काच्या दारात नवरदेवाशिवाय वऱ्हाड उतरत असणार, हे माझ्या डोळ्यापुढे दिसायला लागलं. मी रस्त्यात उभा राहून मोठ्याने म्हणालो, "आता मी आक्काला काय तोंड दाखवू?"

"पन्नास असतं तर..." तात्यांनी सुरुवात केली.

"तीस असतं तर हितं आडकलोच नसतो, केव्हाच पोचलो असतो," धोंडीराम म्हणाला.

"तात्या, धोंडीमामा, पुरे!" देवराम पहिल्यांदाच ओरडला. "माझं लग्न आहे. मी चालत जातो." तो खरंच निघाला. दहा पावलं गेला आणि पायजम्याची नाडी तुटल्यामुळे पायजमा धरून परत आला.

"थांब, मी आणलीये," पुतळा म्हणाली आणि तिने पिशवीतून नवी नाडी आणि एक लांब पट्टी काढली. "सकाळीच म्हटलं, नवरदेवाच्या नाडीचा भरवसा नाही. ही पट्टी ओवायला बरी पडते. दोन आठवडे सगळ्यांच्या परकरांच्या नाड्या मी हिनेच ओवतेय."

मी त्या पट्टीकडे बघत राहिलो. खाली दोन खुणा होत्या. ती माझी तेल मोजायची कांडी होती!

नाडी ओवून होईपर्यंत मी कसाबसा धीर धरला. मग कांडी पुसली, भोकात घातली आणि बाहेर काढली. तेल वरच्या खुणेला नव्हतं. वरच्या खुणेच्या कितीतरी वर, जवळजवळ मुठीपर्यंत होतं. पंपावरच्या माणसाने माप मोजून बरोबर भरलं होतं, हे मी स्वतः बघितलं होतं. मग हे बाकीचं आलं कुठून?

मी मागे वळलो. तात्या दरीतलं एक झाड निरखून बघत होते. धोंडीराम बुटाची दोरी बांधत होता. त्याच्या पायात चप्पल होती. देवराम चष्मा पुसत होता.

"तात्या?"

"आता काय लपवायचं," तात्या म्हणाले. "परवा तुम्ही कचेरीत होता. म्हटलं, आपल्याच पोराची वरात, घाटात दम नको तुटायला. थोडं पन्नास टाकलं. डबाभर."

"मी पाळीवरून येताना टाकलं," धोंडीराम म्हणाला. "तुमचं चाळीस पातळ व्हावं म्हणून. डबाभरच."

देवराम म्हणाला, "मी मल्टिग्रेड. सगळ्यांना एकजीव करेल म्हणून."

"आणि अहो," पुतळा अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "ते तुमच्या विज्ञानाचं कढईतलं तेल उरलं होतं ना. टाकून कसं द्यायचं? मी पण वाटीने घातलं."

इतक्या दिवसांत कुठलं घालावं यावर सगळे बोलले होते. किती घालावं हे कुणी विचारलंच नव्हतं. मी हसायला लागलो. मला थांबताच येईना. आधी पुतळा हसली, मग देवराम, आणि शेवटी तात्या फेटा सावरत इतके हसले की त्यांना ठसका लागला.

धोंडीरामाकडे पाना होता. तो गाडीखाली शिरला, पण तेल काढायचं कशात? तेवढ्यात खालून करकर आवाज करत कांद्याच्या बैलगाड्या वर आल्या. पहिल्या गाडीवाल्याने कासरा ओढला. त्याचं नाव पुंजा.

"काय जयं भाऊ? गाडी बंद पडनी का?"

"तेल जास्त झालंय, काढायचंय," मी म्हणालो.

"हाई तेल फेकी देतस का काय?" पुंजाचे डोळे चमकले. त्याने गाडीखालचा वंगणाचा डबा सोडला. "फेकू नका. मना चाकंस्ले द्या."

डबा भरला, दुसऱ्या गाडीवाल्याचाही भरला. मधून मधून बूच लावून मी कांडी बघत होतो. सगळ्या गाड्यांच्या चाकांना तिथल्या तिथे वंगण झालं. तात्या पुंजाला अभिमानाने सांगत होते, "ह्यात पन्नास बी हाय बरं का!" पुंजाने नंबर विचारला नाही. कांडीवर तेल बरोबर वरच्या खुणेला आलं तेव्हा धोंडीरामाने बूच घट्ट पिळलं आणि प्लग काढून पुसले. मी चावी फिरवली. फियाट एकदा शिंकली आणि सुरू झाली! आम्ही सगळे ओरडलो, पुंजाही ओरडला. त्या दिवशी भावडबारीच्या चढावर कांद्याच्या गाड्या आवाज न करता चढल्या.

सटाण्याला आलो तर आक्का मांडवात नव्हती. ती पार रस्त्यावर येऊन उभी होती, नवी पांढरी साडी, हात डोळ्यांवर धरलेला. फियाट वळणावर दिसताच ती ओरडली, "उना! मना भाऊ उना!" आणि सगळं गाव धावलं. मी हॉर्न वाजवला, वायपर फिरला, पोरांनी टाळ्या पिटल्या. आक्काने आधी गाडीच्या टपावर फुलं वाहिली आणि मग नवरदेवावर. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, एवढ्यासाठी मी पुन्हा दहा वेळा घाटात बंद पडेन.

बौद्धाचार्य थांबले होते. त्रिशरण, पंचशील झालं, लता आणि देवराम यांनी एकमेकांना हार घातले, आणि सगळ्या मांडवाने फुलं उधळली. भागुबाईंनी राखाडी साडीतच सगळ्यात वरच्या सुरात गाणं म्हटलं. जेवणात कांद्याची झणझणीत भाजी होती. तात्या, धोंडीराम आणि मी एका पंगतीला बसलो आणि तेलाचा विषय आयुष्यात पुन्हा काढायचा नाही, असं एकमेकांना वचन दिलं.

जेवून हात धुवून मी गाडीकडे गेलो. बोनेट उघडं होतं. शेजारी एक मोठा डबा रिकामा पडला होता आणि आक्का पदराला हात पुसत समाधानाने इंजिनाकडे बघत होती.

"आक्का, हे काय?"

"ट्रॅक्टरनं तेल शे. आख्खा डबा वती दिना," ती म्हणाली. "वऱ्हाडना बैलले वैरण देतस, मंग मना भाऊनी गाडी काय उपाशी जाई का?"

मागून तात्या आले. धोंडीराम आला. दोघांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वचन पाळलं. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यभर तिने मला वाढलं, पण माझ्या गाडीला वाढायची ही तिची पहिलीच वेळ होती, आणि तो आनंद तिला लपवता येत नव्हता.

"बरं केलंस आक्का," मी म्हणालो. "फार बरं केलंस. तेवढं मी खालून जरा बघतो."

धोंडीरामाने पाना माझ्या हातात दिला. मी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरलो. मी बूच सैल करत होतो, तेवढ्यात आक्काने खाली वाकून बघितलं आणि काळजीने विचारलं, "काय रे जयराम, कमी पडनं का? आखो एक डबा शे घरमा."